ट्रान्सफर केसची पुनर्बांधणी आणि बेअरिंगचा पूर्वभार : चारचाकी चालनाच्या ट्रॅक्टरांसाठी अभ्यासपाठ

राष्ट्रीय राजधानी क्षेत्र म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर दिल्लीचे रस्ते उभे राहतात. परंतु सुमारे ५५ हजार चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात कर्नाल, पानिपत, जिंद आणि सोनिपत हे भात-गव्हाचे जिल्हे येतात, तसेच मेरठ, शामली, मुझफ्फरनगर आणि बागपत हा उसाचा पट्टाही येतो. भारतीय ट्रॅक्टर उद्योगाचे एक जुने माहेरघरही याच क्षेत्रात आहे. आयशरचा पहिला ट्रॅक्टर २४ एप्रिल १९५९ रोजी फरिदाबादच्या कारखान्यातून बाहेर पडला. एस्कॉर्ट्सचा, म्हणजे २०२२ पासूनच्या एस्कॉर्ट्स कुबोटाचा, व्याप फरिदाबादेतच वाढला आणि न्यू हॉलंडचा कारखाना ग्रेटर नोएडात आहे. महाराष्ट्रातील अनेक शेतांत चालणारे ट्रॅक्टर या पट्ट्यातून येतात, तर चारचाकी चालनाचे अॅक्सल बनवणारा कॅरारोचा कारखाना पुण्याजवळ रांजणगावला आहे. त्यामुळे राजधानी क्षेत्रातील दुरुस्तीचा अनुभव मराठी विस्तार कार्यकर्त्याला परका वाटण्याचे कारण नाही.

भात कापणी आणि गव्हाची पेरणी यांच्यामध्ये या भागात जेमतेम दोन ते तीन आठवडे मिळतात. पराली जाळण्यावर बंदी आहे आणि २०१८-१९ पासून पीक अवशेष व्यवस्थापनाच्या केंद्रीय योजनेतून हॅपी सीडर, सुपर सीडर यांसारखी यंत्रे अनुदानावर दिली जातात. सुपर सीडरला पन्नास अश्वशक्ती किंवा त्याहून अधिक शक्तीचा ट्रॅक्टर लागतो. ओलसर जमिनीत उभ्या धसकटातून हे जड यंत्र ओढायचे असेल, तर पुढच्या चाकांचे चालन मोठा आधार ठरते. असा ट्रॅक्टर दिवसाकाठी सुमारे सहा ते आठ एकर पेरतो. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात त्याची ट्रान्सफर केस बसली आणि दुरुस्तीला आठवडा गेला, तर अवजार बँकेच्या यादीतील पन्नास एकरांची पेरणी पुढे ढकलली जाते. नोव्हेंबरच्या मध्यानंतर गव्हाची पेरणी लांबली की उत्पादनात दर दिवशी सुमारे एक टक्का घट धरली जाते. त्यामुळे दुरुस्ती लवकर व्हावी यासाठी मेकॅनिकच्या मागे तगादा लागतो, आणि घाईत जी पायरी सर्वांत आधी गाळली जाते ती म्हणजे बेअरिंगचा पूर्वभार मोजणे.

पूर्वभार म्हणजे काय

मागील संचरणातून येणारी गती पुढच्या अॅक्सलकडे वळवणाऱ्या पेटीला ट्रान्सफर केस म्हणतात. ट्रॅक्टरच्या बाबतीत काही ठिकाणी तिला ड्रॉप बॉक्स असेही नाव आहे. बहुतेक ट्रॅक्टरांत ती गिअरबॉक्सच्या खाली बोल्टने जोडलेली असते. तिच्यात एक चालक गिअर, एक चालित गिअर, गुंतवण-सोडवण करणारा डॉग क्लच आणि पुढे प्रोपेलर शाफ्टला जोडणारा निर्गम शाफ्ट असतो. हा शाफ्ट काही रचनांत बॉल बेअरिंगवर फिरतो, तर काहींत शंकूच्या आकाराच्या, म्हणजे टेपर रोलर बेअरिंगच्या जोडीवर. काम हाती घेण्यापूर्वी हा फरक पाहणे आवश्यक आहे. सर्क्लिपने अडकवलेल्या साध्या बॉल बेअरिंगला शिम लावून पूर्वभार देता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. या पाठातील पुढील विवेचन टेपर रोलर बेअरिंगपुरते आहे. ट्रान्सफर केसमध्ये बॉल बेअरिंग असले, तरी पुढच्या अॅक्सलमधील पिनियन जवळजवळ नेहमीच टेपर बेअरिंगवर बसवलेला असतो; म्हणून हे ज्ञान त्या ट्रॅक्टरांनाही लागू पडते.

टेपर रोलर बेअरिंगचे १८९८ साली अमेरिकेत पेटंट घेणारा हेन्री टिमकेन हा घोडागाड्या बनवणारा कारखानदार होता. वळणावर गाडीच्या चाकावर उभा भार येतो आणि आडवा भारही येतो. हे दोन्ही एकाच बेअरिंगने पेलावेत, ही त्याची गरज होती. शंकूच्या आकारामुळे ते साधले, पण त्याबरोबर एक जबाबदारीही आली. बॉल बेअरिंगमधील आतली मोकळीक कारखान्यातच ठरलेली असते. टेपर बेअरिंगची आतली कडी, म्हणजे कोन, आणि बाहेरची कडी, म्हणजे कप, हे दोन सुटे भाग आहेत. ते एकमेकांत किती खोल बसतात यावर मोकळीक ठरते आणि ती ठरवण्याचे काम जोडणाऱ्याच्या हाती असते.

दोन बेअरिंगांच्या जोडीत शाफ्ट पुढे-मागे किंचित हलत असेल तर त्याला अक्षीय मोकळीक किंवा एंड प्ले म्हणतात. ही मोकळीक शून्यावर आणून त्यापुढेही कप आणि कोन एकमेकांवर थोडे दाबले, म्हणजे बाहेरून भार येण्यापूर्वीच रोलरवर ठरावीक दाब राहतो. हा दाब म्हणजे पूर्वभार, अर्थात प्रीलोड. त्यामुळे शाफ्ट जागचा ढळत नाही, गिअरचे दात पूर्ण रुंदीत भिडतात आणि भार दोन-चार रोलरवर न पडता बऱ्याच रोलरांत वाटला जातो.

पूर्वभार कमी पडला तर शाफ्ट डुलतो, दात कडेला घासतात, ऑइल सील गळू लागते आणि भाराखाली डॉग क्लच आपोआप सुटतो. जास्त झाला तर रोलरच्या टोकाची आणि कोनच्या कठड्याची वंगणाची पातळ थर तुटते, ती जागा तापून निळी पडते आणि बेअरिंग काही तासांतच बसते. या दोन चुकांची किंमत सारखी नाही. किंचित पूर्वभारापाशी बेअरिंगचे आयुष्य सर्वाधिक असते. तेथून मोकळिकीच्या बाजूला ते हळूहळू उतरते, पण अतिदाबाच्या बाजूला कड्यावरून कोसळल्यासारखे कोसळते. रोलर बेअरिंगचे आयुष्य भाराच्या सुमारे ३.३३ व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे भार दुप्पट झाला की आयुष्य एक दशांशावर येते. 'जरा आणखी आवळून ठेवू, नंतर सैल व्हायला नको' ही कार्यशाळांमध्ये रुजलेली समजूत म्हणूनच महागात पडते.

प्रत्येक शाफ्टला पूर्वभार हवाच असतो असे नाही

विस्तार कार्यकर्त्यांच्या जुन्या पिढीला परिचित असलेले एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला, त्यानंतरच्या दशकांत गटविकास अधिकाऱ्याची जीप हे ग्रामीण भागातील एक ओळखीचे दृश्य बनले. महिंद्राच्या त्या विलीज घडणीच्या जीपमध्ये ट्रान्सफर केसचा निर्गम शाफ्ट टेपर बेअरिंगवरच फिरत असे आणि मागच्या बेअरिंग कॅपखालील शिमने त्याची जुळणी होत असे. तेथे पूर्वभार द्यायचा नव्हता, उलट ०.००४ ते ०.००८ इंच, म्हणजे ०.१० ते ०.२० मिलिमीटर मोकळीक ठेवायची होती.

याचे कारण उष्णतेत आहे. पोलाद तापले की दर मीटरला, दर अंशाला सुमारे ११.५ मायक्रॉन वाढते. ट्रान्सफर केसमध्ये सामान्यतः दोन्ही कप पेटीत बसवून बाहेरून कॅपने अडवलेले असतात आणि कोन शाफ्टवर आत टेकलेले असतात. काम चालू असताना शाफ्ट पेटीपेक्षा अधिक तापतो. समजा बेअरिंगांमधील अंतर २०० मिलिमीटर आहे आणि शाफ्ट पेटीपेक्षा २० अंशांनी अधिक गरम आहे. तर शाफ्ट सुमारे ०.०४६ मिलिमीटर जास्त लांबतो आणि तेवढ्याने बेअरिंग आवळले जाते. शाफ्ट जितका लांब, तितका हा परिणाम मोठा. म्हणून लांब शाफ्टला थंड अवस्थेत मोकळीक ठेवतात आणि ती गरम अवस्थेत भरून निघते. पेटी अॅल्युमिनियमची असेल तर हिशेब उलटतो, कारण अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढते. पेटी आणि शाफ्ट दोन्ही ६० अंशांनी तापले तर तेवढ्याच २०० मिलिमीटरांत सुमारे ०.१४ मिलिमीटर सैलपणा येतो. ट्रॅक्टरच्या पेट्या बहुतांशी बिडाच्या असतात, आणि बीड पोलादाच्या जवळपासच वाढते. अॅक्सलमधील पिनियनची बेअरिंगे मात्र जवळजवळ असतात, त्यांची मांडणीही वेगळी असते, आणि पिनियनवर पुढे-मागे ढकलणारा मोठा भार येतो. म्हणून तेथे निश्चित पूर्वभार लागतो.

एका ट्रॅक्टरचा आकडा दुसऱ्याला लावू नये, याचे कारण हेच. ज्या मॉडेलवर काम करायचे त्याची सेवा पुस्तिका मिळवणे ही दुरुस्तीची पहिली पायरी होय. येथे दिलेले आकडे पद्धत समजावण्यापुरते आहेत.

जुने बेअरिंग आधी वाचावे

नवे बेअरिंग आणण्याची घाई असते, म्हणून जुने काढताक्षणी भंगारात जाते. वास्तविक बिघाडाचे कारण त्याच्याच अंगावर लिहिलेले असते. रोलरच्या मोठ्या टोकावर आणि कोनच्या कठड्यावर ओरखडे व निळसर झाक असेल तर पूर्वभार अति झाला होता किंवा तेल पोचले नव्हते. कपच्या परिघावर एका बाजूलाच चमकदार पट्टा असेल आणि उरलेला भाग जवळपास कोरा असेल तर मोकळीक जास्त होती. रोलरच्या अंतराइतक्या अंतरावर सारखे खड्डे पडलेले असतील तर बेअरिंग बसवताना हातोड्याचा घाव रोलरवर बसला असावा. तपकिरी डाग आणि गंजाची खरखर दिसली तर पाणी शिरले आहे. कर्नालच्या भातखाचरात चिखलणी करणाऱ्या आणि कोकणात किंवा पूर्व विदर्भात तेच काम करणाऱ्या ट्रॅक्टरांत हे कारण वारंवार आढळते. अशा वेळी बेअरिंग बदलून भागत नाही; पुढच्या फ्लँजवरील सील आणि तेलाच्या टाकीचा श्वसननळही तपासावा लागतो. कपची बाहेरची बाजू चकाकत असेल तर तो पेटीतील घरात फिरला आहे. घर मोठे झाले असेल तर त्यात कितीही अचूक शिम लावले तरी पूर्वभार टिकणार नाही.

एक कारण बेअरिंगवर दिसत नाही, ते टायरमध्ये असते. चारचाकी चालनात पुढच्या चाकांचा परिघीय वेग मागच्यांपेक्षा साधारण १ ते ५ टक्के अधिक ठेवलेला असतो. मागचे टायर वेगळ्या मापाचे बसवले किंवा पुढचे झिजलेले ठेवून मागचे नवे घातले की हे प्रमाण बिघडते आणि शाफ्टमध्ये पीळ साठत जातो. तपासणी सोपी आहे. शेतातल्या समतल जमिनीवर मागच्या चाकाच्या दहा फेऱ्यांत पुढचे चाक किती फिरते हे चालन गुंतवून आणि सोडून असे दोनदा मोजावे. सोडलेल्या अवस्थेत १४.९ आणि गुंतवलेल्या अवस्थेत १५.४ फेऱ्या आल्या, तर आघाडी सुमारे ३.४ टक्के होते. मुझफ्फरनगरकडे उसाची ट्रॉली डांबरी रस्त्यावरून ओढताना चालन गुंतवलेलेच राहते, आणि कोल्हापूर-सांगलीच्या ऊस वाहतुकीतही ही सवय दिसते. कडक रस्त्यावर टायरला घसरायला वाव नसतो. तो पीळ शेवटी ट्रान्सफर केसच्या गिअरवर आणि बेअरिंगवर येतो. अशा ट्रॅक्टरात नवे बेअरिंग कितीही काटेकोर बसवले तरी पुढच्या हंगामात तीच तक्रार परत येते.

जुळणीची पद्धत

नवे बेअरिंग घेताना क्रमांक पूर्ण पाहावा. उदाहरणार्थ ३०२०६ या क्रमांकाच्या बेअरिंगचा आतील व्यास ३० मि.मी., बाहेरील ६२ मि.मी. आणि एकूण जाडी १७.२५ मि.मी. असते. दिल्लीत काश्मिरी गेटच्या परिसरातील सुट्या भागांच्या बाजारात आणि देशातील कोणत्याही मोठ्या बाजारात एकाच क्रमांकाचे बेअरिंग अनेक दर्जांत मिळते. त्यात नकली मालही असतो. अधिकृत विक्रेत्याचे बिल आणि न उघडलेले वेष्टन यांचा आग्रह धरावा. एका कंपनीचा कोन आणि दुसऱ्या कंपनीचा कप, किंवा नवा कोन आणि जुना कप, अशी जोडी लावू नये.

पेटीतील घरे स्वच्छ करावीत. कप प्रेसने किंवा योग्य मापाच्या ड्रिफ्टने तळाला टेकेपर्यंत सरळ बसवावा. कोन शाफ्टवर बसवण्यासाठी तेलात ९० ते ११० अंशांपर्यंत गरम करता येतो. १२० अंशांपुढे जाऊ नये. गॅसच्या ज्योतीने तापवण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे, पण तिने पोलादाचा कठीणपणा जातो. धुतलेले बेअरिंग हवेच्या झोताने भिरभिरवणे तर निखालस धोक्याचे आहे, पिंजरा तुटून रोलर उडू शकतात. बसवण्यापूर्वी बेअरिंगला ट्रॅक्टरमध्ये वापरले जाणारे तेलच हलके लावावे. कोरड्या किंवा ग्रीस भरलेल्या बेअरिंगचे मोजमाप फसवे येते. ऑइल सील या टप्प्यावर बसवू नये.

आता शिम. येथे सर्वाधिक गोंधळ होतो, कारण शिम कुठे आहे त्यावर दिशा अवलंबून असते. शिम पेटी आणि बेअरिंग कॅप यांच्यामध्ये असेल तर शिम काढल्याने पूर्वभार वाढतो. शिम कॅप आणि कप यांच्यामध्ये असेल तर शिम घातल्याने वाढतो. पिनियनवर दोन कोनांच्या मध्ये स्पेसर किंवा शिम असेल तर तो पातळ केल्याने वाढतो. पाठांतर न करता प्रत्येक वेळी शाफ्टचे चित्र काढून 'ही पट्टी काढली तर कप आणि कोन जवळ येतील की दूर जातील' असा प्रश्न विचारावा.

समजा शिम कॅपखाली आहे. प्रथम मुद्दाम थोडी मोकळीक राहील इतकी शिम लावावी, उदाहरणार्थ ०.८० मि.मी. कॅपचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने ठरलेल्या टॉर्कला आवळावेत. डायल गेजचा टोकदार पाय शाफ्टच्या टोकावर टेकवून शाफ्ट एका बाजूला दाबावा आणि दाबलेला असतानाच दहा-बारा फेऱ्या फिरवावा, मग दुसऱ्या बाजूला ओढून तसेच फिरवावे. न फिरवता नुसता ढकलून घेतलेला आकडा विश्वासार्ह नसतो, कारण रोलर कठड्याला टेकलेले नसतात. या एका चुकीमुळे मोकळीक प्रत्यक्षापेक्षा कमी भासते आणि पुढची जुळणी सैल राहते. तीन वेळा मोजावे. समजा ०.१७, ०.१८ आणि ०.१९ असे आकडे आले, सरासरी ०.१८ मि.मी. पुस्तिकेत पूर्वभार ०.०३ ते ०.०८ मि.मी. सांगितला असेल आणि लक्ष्य ०.०५ धरले, तर ०.१८ अधिक ०.०५ म्हणजे ०.२३ मि.मी. शिम काढायला हवी, अर्थात ०.५७ उरायला हवी. हाताशी ०.१०, ०.१५, ०.२० आणि ०.५० च्या शिम असतील तर ०.५७ जुळत नाही. ०.५० आणि ०.१० मिळून ०.६० होते, पण मग पूर्वभार फक्त ०.०२ येतो, तो मर्यादेच्या खाली. ०.२० च्या दोन आणि ०.१५ ची एक मिळून ०.५५ होते, पूर्वभार ०.०७ येतो, तो मर्यादेत बसतो. ही जुळणी स्वीकारावी. शिमवरील छापील आकड्यावर विसंबू नये, प्रत्येक शिम मायक्रोमीटरने मोजावी.

डायल गेज नसलेल्या गावच्या कार्यशाळेत दुसरा मार्ग आहे. सर्व शिम काढून कॅप लावावी आणि शाफ्ट फिरवत बोल्ट हलक्या हाताने, सारखे आवळत जावे. किंचित रोध जाणवताच थांबावे. पेटी आणि कॅप यांच्यामधील फट फीलर गेजने तीन ठिकाणी मोजावी. ती शून्य मोकळिकीला लागणारी शिमची जाडी होय. तीतून हवा तो पूर्वभार वजा करावा किंवा हवी ती मोकळीक मिळवावी. ही पद्धत हाताच्या अंदाजावर चालते, म्हणून पुढची पडताळणी टाळता येत नाही.

गॅस्केटचा हिशेब अनेकदा सुटतो. पूर्वी कॅपखाली ०.२५ मि.मी. कागदी गॅस्केट असेल आणि आता तिच्याऐवजी सिलिकॉनचा लेप लावला, तर जुनी शिम तशीच ठेवूनही बेअरिंग जवळजवळ पाव मिलिमीटरने आवळले जाते. तीन दिवसांत पुन्हा बसलेल्या पेट्यांमध्ये हा दोष आधी शोधावा.

फिरवण्याचा रोध मोजणे

शिमचा आकडा हा अंतराचा हिशेब आहे, प्रत्यक्ष दाबाचा नव्हे. दाब बरोबर आहे की नाही हे शाफ्ट फिरवायला किती जोर लागतो यावरून कळते. यासाठी लहान मापाचा टॉर्क पाना हवा. तो नसेल तर दोरी आणि तानकाटा पुरेसा आहे. निर्गम फ्लँजवर किंवा शाफ्टच्या गोल भागावर मजबूत दोरी पाच-सहा वेढे गुंडाळावी, तिच्या टोकाला तानकाटा अडकवावा आणि शाफ्ट संथ, एकसारखा फिरेल असे ओढावे. पहिल्या झटक्याचा आकडा सोडून द्यावा. चालू गतीतला स्थिर आकडा घ्यावा. आता त्याला त्रिज्येने गुणावे. त्रिज्या ५ सेंमी आणि ओढ ३ किलो असेल तर रोध १५ किलो-सेंमी, म्हणजे सुमारे १.५ न्यूटन-मीटर होतो. दोरी जाड असल्यास तिच्या जाडीचा अर्धा भाग त्रिज्येत मिळवावा.

मोजताना डॉग क्लच सुटलेला आणि दुसरा कोणताही गिअर दातांत न गुंतलेला असावा. सील बसवलेले असेल तर त्याचा रोधही आकड्यात मिसळतो. म्हणून आधी सीलशिवाय मोजावे, मग सील बसवून पुन्हा मोजावे. फरक टिपून ठेवला तर पुढे गळतीचा शोध घेतानाही उपयोगी पडतो. पुस्तिकेतील आकडा बहुधा नव्या बेअरिंगसाठी असतो. वापरलेले बेअरिंग चांगल्या स्थितीत असून परत बसवायचे असेल, तर सामान्यतः त्याच्या निम्मा रोध ठेवतात, कारण त्याचे पृष्ठभाग आधीच गुळगुळीत झालेले असतात.

अॅक्सलच्या पिनियनला काही रचनांत चेपणारा स्पेसर असतो. नट आवळत गेले की तो चेपतो आणि पूर्वभार येतो. येथे थोडे आवळून, शाफ्ट फिरवून आणि मोजून पुन्हा थोडे आवळावे. मर्यादा ओलांडली तर नट उलटा फिरवून रोध कमी करण्याचा मोह होतो, तो टाळावा. एकदा चेपलेला स्पेसर परत उमलत नाही, नट सैल राहतो आणि पिनियन चालू कामात डळमळतो. नवा स्पेसर घालून पहिल्यापासून सुरुवात करणे हाच उपाय आहे. स्पेसर आणि नट दोन्ही एकदाच वापरण्याचे भाग समजावेत. पिनियननंतर क्राउन व्हीलच्या बाजूच्या बेअरिंगांचा पूर्वभार आणि दातांमधील बॅकलॅश जुळवायचा असतो. दातांवर निळा लेप लावून भिडण्याचा ठसा तपासावा. तो वेगळ्या पाठाचा विषय आहे.

हंगामात पेटी वाजू लागली तर

अशा वेळी चालन सोडून दोन चाकांवर पेरणी पूर्ण करण्याचा सल्ला गावोगाव दिला जातो. प्रोपेलर शाफ्ट काढून तसे करता येते, परंतु आधी एक गोष्ट पाहावी. काही रचनांत चालन सोडले तरी पेटीतील चालित गिअर फिरतच राहतो. शिवाय अनेक ट्रॅक्टरांत ट्रान्सफर केस, मागचे संचरण आणि हायड्रॉलिक यांचे तेल एकच असते. बेअरिंगचे तुकडे त्या तेलातून हायड्रॉलिक पंपापर्यंत जातात आणि काही हजारांची दुरुस्ती कितीतरी पटींनी वाढते. निचरा प्लगच्या चुंबकाला नुसती बारीक करडी भुकटी चिकटली असेल तर काळजीपूर्वक काम चालवता येते. चकाकणारे कण किंवा पत्र्यासारखे तुकडे असतील तर ट्रॅक्टर थांबवून पेटी उघडावी, पेरणी शेजारच्या यंत्राकडून भाड्याने करून घ्यावी.

हे काम प्रत्यक्ष हाताने शिकण्याची सोय केंद्र सरकारच्या कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्थांत आहे. हरियाणातील हिसार, मध्य प्रदेशातील बुदनी, आंध्र प्रदेशातील गार्लादिन्ने आणि आसाममधील विश्वनाथ चारियाली येथे या चार संस्था आहेत. विदर्भ-खानदेशच्या वाचकांना बुदनी सोयीचे पडते. ट्रॅक्टरांची अधिकृत चाचणी याच संस्था करतात, त्यामुळे विशिष्ट मॉडेलच्या रचनेविषयी त्यांचे चाचणी अहवालही उपयुक्त ठरतात. अवजार बँक चालवणाऱ्या गटाने पावसाळ्यापूर्वी एका सदस्याला तेथे पाठवणे, नोव्हेंबरात दिल्लीहून सुटे भाग मागवत बसण्यापेक्षा स्वस्त आहे.

पुनर्बांधणी पूर्ण झाल्यावर पेटीत तेल भरून ट्रॅक्टर मोकळा अर्धा तास चालवावा, थांबवून दोन्ही बेअरिंग कॅपवर हात ठेवावा. हात सुखाने टेकत असेल तर ठीक. ६० अंशांच्या आसपास हात टिकत नाही. एकच कॅप दुसरीपेक्षा झपाट्याने तापत असेल तर पूर्वभार पुन्हा तपासावा. लावलेल्या शिमची जाडी, मोजलेला रोध, सीलचा फरक आणि ट्रॅक्टरचे तास नोंदवहीत लिहावेत. पन्नास तासांनंतर तेल काढून चुंबक पाहावा, नवे तेल भरावे आणि फ्लँज हाताने वर-खाली हलवून शाफ्टमध्ये ढिलेपणा आला आहे का याची खात्री करावी.